माकडताप, आणि ज्या आजाराला गिऱ्हाईक नाही त्याच्या संशोधनाचा खर्च

काजूबाग

नमस्कार मंडळी.

माझं माहेर दोडामार्ग तालुक्यात. घराच्या मागे डोंगर, आणि डोंगराला लागून काजूची बाग. मार्च महिन्यात माझी थोरली काकू रोजच्यासारखी बिया वेचायला गेली. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, दिवसभर उकिडवं बसायचं, पालापाचोळ्यात हात घालायचा, बोंडू पिरगळून बी सुटी करायची आणि टोपलीत टाकायची. संध्याकाळी पाय धुताना तिला पोटरीवर तिळाएवढा काळा ठिपका दिसला. तिने नखाने खरवडून काढला. गोचिडीचं पिल्लू होतं.

पाचव्या दिवशी ताप भरला. डोकं दोन्ही हातांनी दाबून ती भिंतीला टेकून बसायची, उजेड सहन होत नव्हता. पहिल्या दवाखान्यात साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा गाडी करून मोठ्या इस्पितळात नेलं. रक्ताचा नमुना लांबच्या प्रयोगशाळेत गेला. माकडताप असल्याचा अहवाल आला त्या दिवशी काकू अंगणात बसून केस विंचरत होती आणि फणी धरलेला हात थरथरत होता. पाण्याची कळशी उचलायला तिला पुढे तीन महिने लागले. ती वाचली, हे आमचं नशीब.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यावर औषध नाही. सलाईन लावायचं, रक्तस्रावावर लक्ष ठेवायचं आणि वाट बघायची.

मग मी वाचायला लागले. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात हा विषाणू सापडला १९५७ साली. म्हणजे काकूच्या जन्माच्याही आधी! आपल्याकडे २०१६ला दोडामार्गात आणि त्याच सुमारास गोव्यात सत्तरीत तो आला, २०१७ला बांद्यात. इतक्या वर्षांत औषध का नाही? चांगली लस का नाही?

मला वाद नको, समजून घ्यायचं आहे. हा आजार होतो काजूवाल्यांना, गुरं चारणाऱ्यांना, लाकूडफाटा आणणाऱ्यांना. त्यांच्या आजारावर संशोधन करायचा खर्च कुणी करायचा? आणि पैसा आलाच, तर काम कुणी कुणाला वाटून द्यायचं?

मालवणी_गजाल

ताई, काकूची काळजी घ्या. आमच्याकडे माकडां मराक लागली की म्हातारी माणसां रानात जाव देयत नाय. पण पोटाचा काय? वर्साचे पैशे त्या दोन-तीन म्हयन्यांत येतत.

जुना_तंत्रज्ञ

काजूबाग ताई, मी पुण्यात विषाणूंच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त आहे. थोडा इतिहास सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

पुण्यात १९५२ला विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं ते आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून. तेच पुढे १९७८ला राष्ट्रीय विषाणू संस्था झालं, सगळे एनआयव्ही म्हणतात ते. कीटकांमधून पसरणारे विषाणू शोधणं हे त्या केंद्राचं मूळ काम. म्हणून १९५७ला शिमोग्यात माकडं पटापट मरू लागल्याची आणि माणसांना ताप येत असल्याची बातमी आली तेव्हा पुण्याची माणसं लगेच पोहोचली. माकडांचे, माणसांचे, गोचिडींचे नमुने घेतले आणि विषाणू वेगळा केला. हे सगळं झटपट झालं, कारण संस्था आधीपासून उभी होती, पगार चालू होते, गाड्या होत्या, जंगलात राहायची तयारी असलेली माणसं होती. साथ आल्यावर संस्था उभारायला घेतली असती तर काहीच हाती लागलं नसतं.

लसही होती, ताई. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत विषाणू वाढवून फॉर्मॅलिनने मारलेली. कर्नाटकात १९९०पासून ती वर्षानुवर्षं दिली. सुई दुखायची, एका महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि मग पुन्हा पुन्हा बूस्टर. २००५ ते २०१०च्या आकडेवारीवरून काढलेला तिचा परिणाम दोन डोसांनंतर सुमारे ६२ टक्के आणि बूस्टर घेतला तर सुमारे ८३ टक्के होता. लोक दुसऱ्या-तिसऱ्या सुईला येईनासे झाले. पुढे तिचा प्रभाव कमी पडतोय असं दिसत गेलं आणि शेवटी ती थांबली.

आता आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स नवी लस करत आहेत. ही कंपनी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची आहे. जनावरांच्या लसी करणाऱ्या, दूधवाल्या शेतकऱ्यांच्या संस्थेने हे काम हातात घ्यावं, याचा मला फार आनंद झाला.

अर्थमंथन

फार चांगला धागा. मोठ्या चित्राचे थोडे आकडे देतो.

१९९०ला आरोग्य संशोधनावरच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने हिशोब मांडला. जगभर आरोग्य संशोधनावर जो पैसा खर्च होतो त्यातला जेमतेम ५ टक्के विकसनशील देशांच्या प्रश्नांवर जातो, आणि टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा ९३ टक्के भार याच देशांवर आहे. २००२ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दुसरा हिशोब आला. १९७५ ते १९९९ या काळात १३९३ नवी औषधं बाजारात आली. उष्ण प्रदेशातले आजार आणि टीबी मिळून त्यातली किती? १६.

याचं कारण समजायला दुष्ट माणसं शोधायची गरज नाही. कंपनी पैसे घालते ते औषध विकून परत मिळतील या हिशोबाने. माकडतापाचे देशात वर्षाला सरासरी ४००-५०० रुग्ण, तेही काजू वेचणारे. कुठली कंपनी त्यासाठी दहा वर्षं थांबेल? तुमच्या शीर्षकातला 'गिऱ्हाईक' हा शब्द एकदम बरोबर आहे.

मग उपाय काय? २०१२ला जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने सुचवलं की प्रत्येक देशाने आपल्या एकूण उत्पन्नाच्या किमान ०.०१ टक्के रक्कम अशा संशोधनावर खर्च करावी, त्यातला काही भाग एका सामाईक फंडात टाकावा, आणि हे सगळं बंधनकारक कराराने व्हावं. दहा हजार रुपयांतला एक रुपया! श्रीमंत देशांनी करार नको म्हटलं. शेवटी उरलं काय, तर जगात कुठल्या आजारावर कोण किती खर्च करतंय याची नोंद ठेवणारं एक केंद्र आणि काही नमुना प्रकल्प. नोंद हवीच, पण नोंदीने लस तयार होत नाही.

स्पष्टवक्ती

काजूबाग, तुझ्या काकूबद्दल वाईट वाटलं आणि तिला आराम पडला हे वाचून बरं वाटलं. तरी मनात आलं ते बोलते, राग मानू नकोस.

वर्षाला ४००-५०० रुग्ण. माझा भाऊ टीबीने गेला, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीने. जगातल्या चार टीबी रुग्णांतला एक आपल्या देशात आहे. बीसीजी ही लस १९२१ची, शंभरी उलटून गेली, आणि मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या टीबीवर ती फारशी चालत नाही. पैसा मोजकाच असेल तर तो आधी कुठे जावा? मी आरोग्यमंत्री असते तर माकडताप यादीत खूप खाली असता.

काजूबाग

स्पष्टवक्ती ताई, राग कसला. भावाबद्दल वाचून गलबललं. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याला पटकन उत्तर नाही. फक्त एवढंच वाटतं की आमच्या वाडीत रुग्णांची संख्या पाच असते तेव्हा ती पाच घरं असतात, आणि यादीत आपण कायम खाली आहोत हे त्यांना ठाऊक असतं.

निशिगंध

टीबीवरून आठवलं. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचं काम इथे माहीत असायला हवं. टीबीच्या जुन्या इंजेक्शनांनी त्यांची ऐकण्याची शक्ती गेली. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी, त्यांचंही ऐकणं असंच गेलेलं, बेडाक्विलीन या नव्या गोळीचं पेटंट लांबवायला भारतात हरकत घेतली. मार्च २०२३ला कंपनीचा अर्ज फेटाळला गेला, नाहीतर मक्तेदारी २०२७पर्यंत चालली असती.

इथे अर्थमंथन यांच्या मुद्द्याला जोड. बेडाक्विलीन विकसित करायला कंपनीपेक्षा सरकारी आणि धर्मादाय पैसा जास्त लागला, असा हिशोब संशोधकांनी मांडला आहे. पैसा जनतेचा आणि पेटंट एकाचं. म्हणून पैसा देतानाच कागदावर लिहून घ्यायला हवं की औषध तयार झालं तर काय भावाने मिळेल.

आंबोलीचं_धुकं

सगळ्याला कोट्यवधी लागतात असं नाही हो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर बघा. कोकणात विंचू चावून मुलं मरायची. छातीत पाणी भरायचं, पहाटेपर्यंत खेळ संपायचा. डॉक्टर साहेब रात्रभर रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा, सगळं वहीत लिहीत राहिले. रक्तदाबासाठीची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि मृत्यूचं प्रमाण ३०-४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. लॅन्सेटने ते छापलं. ना मोठी प्रयोगशाळा, ना परदेशी फंड. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, तेही १९९९ला लॅन्सेटमध्ये आलं. रुग्णाच्या उशाशी बसणारा माणूस हवा, मग पैसा मागून येतो.

जुना_तंत्रज्ञ

बावसकरांबद्दल पूर्ण सहमत, नमस्कारच करावा असं काम. पण धुकंसाहेब, एक फरक लक्षात घ्या. प्राझोसिन आधीपासून औषधाच्या दुकानात होती. तिचं विषपरीक्षण, कारखाना, परवाना यांचा खर्च आधीच कुणीतरी दुसऱ्या आजारासाठी केलेला होता. डॉक्टरांनी तिचा नवा उपयोग शोधला. माकडतापाला अशी आयती गोळी सापडलेली नाही. आणि हा विषाणू साध्या खोलीत हाताळता येत नाही, काम करणाऱ्यालाच लागण होते. पुण्यात २०१२पासून बीएसएल-४, म्हणजे सर्वांत कडक सुरक्षेची, प्रयोगशाळा आहे. आत जाताना पूर्ण बंद पोशाख, हवेची वेगळी नळी, बाहेर पडताना आधी रसायनाची आंघोळ. तिथली एक बिघडलेली झडपही बाजारात सहज मिळत नाही. हा खर्च एकटा डॉक्टर करू शकत नाही.

माधवी_ह

मी पुण्यात लसींच्या गुणवत्ता तपासणीत काम करते. 'गिऱ्हाईक नाही' म्हणून हात टेकायची गरज नाही, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्या हडपसरचं आहे. थोडं लांब होईल, पण सांगतेच.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत मेंदूज्वराचा पट्टा आहे. कोरड्या दिवसांत, धुळीचा वारा सुटला की साथ. १९९६-९७मध्ये अडीच लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि २५,००० गेले. तिथल्या देशांनी लस मागितली आणि सोबत एक गोष्ट ठणकावून सांगितली: डोस ५० सेंटच्या आत हवा, नाहीतर आम्ही घेऊच शकणार नाही. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांना तो भाव परवडेना.

२००१मध्ये गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले आणि जागतिक आरोग्य संघटना व पाथ या संस्थेने मिळून एक प्रकल्प काढला. या प्रकल्पाचा स्वतःचा कारखाना नव्हता. त्यांनी फक्त जुळवाजुळव केली. जिवाणूच्या आवरणातली साखर आली ॲमस्टरडॅमहून. ती साखर प्रथिनाला जोडायची पद्धत अमेरिकेच्या सरकारी औषध नियामकाच्या प्रयोगशाळेने दिली. धनुर्वाताचं प्रथिन आणि सगळी जोडणी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. चाचण्या भारतात, माली, गाम्बिया, सेनेगलमध्ये. डिसेंबर २०१०ला बुर्किना फासोत पहिली मोठी मोहीम, आणि भाव ५० सेंटच्या आतच राहिला. पुढे ३० कोटींहून जास्त लोकांना लस मिळाली आणि ही लस ज्यावर होती त्या 'ए' प्रकारच्या जिवाणूच्या साथी त्या पट्ट्यात जवळपास नाहीशा झाल्या.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट लहान आहे. लसीच्या बाटलीवर एक गोल असतो आणि त्यात एक चौकोन. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो. गोलाइतका गडद झाला की बाटली टाकून द्यायची. तपासणीत माझी नजर आधी त्यावर जाते. २०१२ला या लसीला अशी परवानगी मिळाली की शेवटच्या टप्प्यात ४ दिवस ४० अंशांपर्यंत बर्फाशिवाय चालेल. वीज नसलेल्या गावात बर्फाची पेटी डोक्यावरून न्यायची गरज उरली नाही. ही परवानगी मिळवायला वेगळा अभ्यास करावा लागला, आणि तोही कुणीतरी पैसे दिले म्हणूनच झाला.

पण स्पष्टवक्ती ताईंचा मुद्दा इथेही लागू आहे. 'ए' प्रकार गेला, तरी बाकीचे प्रकार साथी आणत राहिले. म्हणून मग पाच प्रकारांवरची लस करावी लागली. तिला ब्रिटिश सरकारचा पैसा मिळाला, तीही पुण्यातच तयार झाली, आणि २०२४ला ती सगळ्यात आधी नायजेरियात दिली गेली. म्हणजे एकदा पैसा देऊन विषय संपला असं होत नाही.

अर्थमंथन

माधवी ताई, या उदाहरणातली क्रमवारी महत्त्वाची वाटते. आधी भाव ठरला, मग तंत्र निवडलं, मग कारखाना शोधला. एरवी हे बरोबर उलट होतं.

सातासमुद्रापार

मी बॉस्टनजवळ असतो, औषध परवान्यांच्या कामात. 'बक्षीस द्या म्हणजे कंपन्या येतील' हाही एक मार्ग आहे आणि त्यात काय होतं तेही सांगायला हवं.

अमेरिकेने २००७ला कायदा केला. दुर्लक्षित आजारावर औषध मंजूर करून घ्या, बदल्यात एक व्हाउचर मिळेल. ते दाखवलं की तुमच्या दुसऱ्या कुठल्याही औषधाची तपासणी लवकर. हे व्हाउचर विकताही येतं. मिल्टेफोसिन हे काळा आजारावरचं पहिलं तोंडाने घ्यायचं औषध. मोठ्या चाचण्या बिहारमध्ये, पैसा बराचसा सार्वजनिक, भारतात मंजुरी २००२ला. २०१४मध्ये एका कॅनडियन कंपनीने तेच जुनं औषध अमेरिकेत मंजूर करून घेतलं, व्हाउचर मिळवलं आणि साडेबारा कोटी डॉलरला विकलं. नवं संशोधन जवळपास शून्य. मुझफ्फरपूरच्या रुग्णाला त्यातून काही मिळालं नाही. बक्षिसाच्या अटी कच्च्या असल्या की असं होतं.

याउलट डीएनडीआय बघा, दुर्लक्षित आजारांवर औषधं शोधणारी, नफा न कमावणारी संस्था. २००३ला डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या पुढाकाराने ही संस्था निघाली आणि आपली आयसीएमआर तिच्या संस्थापकांपैकी एक आहे. आफ्रिकेतल्या निद्रारोगाला पूर्वी मेलार्सोप्रोल द्यायचे. आर्सेनिकपासून केलेलं, शिरेतून जाताना आग व्हायची, आणि वीस रुग्णांतला एक औषधानेच दगावायचा. डीएनडीआयने जुनी कपाटं धुंडाळली तेव्हा ऐंशीच्या दशकात एका कंपनीने सोडून दिलेलं फेक्सिनिडाझोल हाती लागलं. सनोफीबरोबर काम करून २०१८ला मंजुरी. आता दहा दिवस गोळ्या.

पक्षीवेडा

थोडं विषयांतर, पण माकडतापाचंच. तुम्हाला माहीत आहे का, भारतात पक्ष्यांच्या पायात कड्या घालून स्थलांतर अभ्यासण्याचं मोठं काम या आजारामुळे सुरू झालं? हा विषाणू रशियातल्या एका विषाणूचा भाऊबंद निघाला, तेव्हा शंका आली की सायबेरियातून येणारे पक्षी गोचिडी घेऊन येतात की काय. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, म्हणजे सलीम अलींना, त्यासाठी आधी जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा मिळाला. पुढे साठच्या दशकात अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन प्रकल्पाचा. मग वर्तमानपत्रांत गदारोळ, हे जैविक युद्धाचं संशोधन तर नाही ना? १९७५ला संसदेच्या लोकलेखा समितीने हा प्रकल्प आणि दिल्लीतला डासांवरचा एक प्रकल्प, दोन्हींवर कडक अहवाल दिला. डासांचा प्रकल्प बंदच झाला.

पक्ष्यांवर मिळालेलं ज्ञान आजही उपयोगी आहे. पण पैसा कुणाचा हे लोकांना आधी मोकळेपणाने सांगितलं नाही तर चांगलं कामही संशयाने बुडतं.

मालवणी_गजाल

म्हणजे गोचिडीन सलीम अलींकय कामाक लावल्यान!

स्पष्टवक्ती

निशिगंध, नंदितांबद्दल लिहिलंत, धन्यवाद. भावाच्या वेळी ती गोळी मिळवायला आम्ही चार महिने फिरलो. माधवीचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललंय. मी यादी करत होते, हा आजार वर, तो खाली. पण एनआयव्ही असो की लसीचा कारखाना, तो एका आजारापुरता नसतो, बरोबर ना? तंत्रज्ञ काका?

जुना_तंत्रज्ञ

अगदी बरोबर, ताई. आणि तुमच्या दोघींना जोडणारं एक यंत्र गोव्यात तयार होतं. वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट. बॅटरीवर चालतं, साधारण तासाभरात निकाल. टीबीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२०ला ते मान्य केलं, आणि एनआयव्हीने मोलबायोबरोबर त्याच यंत्रावर चालणारी माकडतापाची चाचणी तयार केली. यंत्राचा खर्च टीबीने भरून काढला, माकडतापाला फक्त नवी चिप लागली. केवळ ५०० रुग्णांसाठी असं यंत्र कुणी बनवलं नसतं. काजूबाग ताई, तुमच्या काकूंचा नमुना लांब गेला. अशी यंत्रं जवळच्या दवाखान्यात, तीही त्या चिपसकट असली, तर अहवाल त्याच दिवशी हातात येईल.

आशा_सिंधुदुर्ग

मी आशा आहे, गावाचं नाव लिहीत नाही. सगळं वाचलं, बरंच डोक्यावरून गेलं, पण 'काम कुणी वाटून द्यायचं' या प्रश्नावर मला बोलायचं आहे.

माकड मेलं की ते वनखात्याचं. माकडाच्या आणि गुरांच्या अंगावरची गोचीड पशुसंवर्धनाची. माणूस आजारी पडला की आरोग्य खात्याचा. मेलेल्या माकडाच्या भोवती गोचिडी मारायची पावडर टाकायची ती कुणी, यावर एकदा माझ्यासमोर अर्धा दिवस फोनाफोनी चालली. तोवर माकड उन्हात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून पाल्यात जातात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. मी आणि एक वनमजूर काठ्या रोवून, दोरी बांधून, मुलांना लांब ठेवत उभे होतो.

मग त्या हंगामात तिन्ही खात्यांची माणसं आणि आम्ही आशा मिळून एक व्हॉट्सॲप गट केला. माकड दिसलं की फोटो, जागा, वेळ. त्या गटाला एक रुपया लागला नाही, पण माहिती दुपारच्या आत पोहोचायला लागली. दुसरं, गोचीड चिकटू नये म्हणून अंगाला लावायचं तेल बायका घेतात पण वास येतो म्हणून लावत नाहीत. बाटली घरात तशीच. नवी लस आली आणि पुन्हा दुखरी, पुन्हा चार-पाच वेळा घ्यायची असेल, तर हंगामाच्या दिवशी रोजगार सोडून कोण येईल? लस करणाऱ्यांनी हे आधी आम्हाला विचारावं. डिसेंबरमध्ये दिली तर लोक येतात, मार्चमध्ये नाही.

माधवी_ह

आशाताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या कामाच्या ठिकाणी वाचून दाखवला. डोस किती आणि कुठल्या महिन्यात, हे चाचणीचा आराखडा लिहितानाच ठरवावं लागतं. नंतर बदलायचं तर नवी चाचणी, नवा पैसा.

सातासमुद्रापार

इथून एक काळजीची गोष्ट. अशा आजारांच्या संशोधनावर जगात वर्षाला सुमारे ४०० कोटी डॉलर खर्च होतात आणि त्यात सर्वांत मोठा वाटा अमेरिकी सरकारचा राहिलेला आहे. २०२५च्या सुरुवातीला परदेशी मदत एका फटक्यात थांबली. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही लसीची एक चाचणी सुरू व्हायच्या तोंडावर अडकली. माझ्या ओळखीतल्या दोघींनी अशा कामात आयुष्य घातलंय, त्यांना एका ईमेलने घरी बसवलं. एकाच दात्यावर सगळा डोलारा उभा असला की असं होतं. अर्थमंथन यांनी सांगितलेला दहा हजारात एक रुपया तेव्हा सगळ्या देशांनी भरला असता तर आज ही पाळी आली नसती.

अर्थमंथन

आणि भारताने त्यात देणाऱ्याच्या बाजूला बसावं असं मला मनापासून वाटतं. काळा आजार, टीबी, सर्पदंश, माकडताप, रुग्ण आपले आहेत, कारखाने आपले आहेत. माकडतापासाठी तर दुसरं कुणी येणारच नाही, तो जगात फक्त आपल्या सह्याद्रीच्या रांगेत आहे. केंद्र आणि कर्नाटक, केरळ, तामिळनाडू, गोवा, महाराष्ट्र यांनी एकत्र फंड केला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार येणार नाही.

काजूबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. मी विचारलं होतं पैसा कोण देणार. आता मला वाटतं की 'कोण' याहून 'कुणाच्या अटीवर' हे आधी ठरायला हवं. भाव आधी ठरलेला, कागद उघडा, एकाहून जास्त दाते, आणि आशाताईंसारखं कुणीतरी आराखडा लिहिताना टेबलाशी बसलेलं.

गेल्या रविवारी गावी गेले होते. आशाताईंचा प्रतिसाद काकूला वाचून दाखवला. ती म्हणाली, डिसेंबर बरोबर सांगितलंय तिने, तेव्हा भात झोडून झालेलं असतं. येत्या ग्रामसभेत आम्ही दोन मागण्या लिहून देतोय: जवळच्या दवाखान्यात ट्रूनॅटवर माकडतापाची चाचणी हंगामाआधी सुरू व्हावी, आणि तिन्ही खात्यांचा गट आमच्या गावातही व्हावा. मसुदा इथे टाकते, तंत्रज्ञ काका, चुका सांगा.

जुना_तंत्रज्ञ

टाका. नमुना कितव्या दिवशी घ्यायचा तेही त्यात लिहा. विषाणू रक्तात पहिल्या काही दिवसांतच सापडतो, म्हणून ताप आल्याबरोबर. उशिरा घेतला तर वेगळी चाचणी लागते.

कोरडी_विहीर

धागा आत्ताच वाचला. आम्ही सत्तरीतले. पुढच्या महिन्यापासून बागेत जाणार. लस येईस्तोवर काय करायचं तेवढं सांगा.

आशा_सिंधुदुर्ग

दादा, पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा मोज्यात खोचलेला. तेल हातापायाला लावाच, वास आला तरी. पाल्यावर थेट बसू नका. घरी आल्यावर आधी कपडे गरम पाण्यात, मग साबणाने आंघोळ, आणि काखा, मांड्या, कानामागे एकमेकांनी बघायचं. गोचीड दिसली तर चिमट्याने अलगद उपटा, चिरडू नका. मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, लगेच कळवायचं. ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, मी रानात जातो.